चपळ, चपल, चप्पल

नोएडात सातवीण फुलली की माझं डोकं दुखायला लागतं. लोकांना हा वास फार आवडतो. आमच्या सोसायटीच्या गेटापासून मेट्रोपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हीच झाडं आहेत. ऑक्टोबरात उन्हं उतरली की त्यांच्या हिरवट पांढऱ्या गुच्छांतून दाट, गोड वास सुटतो आणि थेट नवव्या मजल्यावर येतो. शेजारच्या मिसेस त्यागी गॅलरीत उभ्या राहून डोळे मिटून तो ओढून घेतात. त्यांच्या लेखी हा 'परफ्यूमवाला पेड़'. मी खिडकी लावून घेते. या वासाच्या मागोमाग दिवाळीच्या सुमाराला धूर येतो आणि धुराच्या मागोमाग पप्पांचा खोकला, हे मला आता पाठ झालं आहे.

आज सकाळी वास आला. माझा नवरा नितीन ऑफिसची बॅग भरत होता. तो केंद्र सरकारच्या नोकरीत, त्याला ऋतू कळतात ते सुट्ट्यांवरून. मला खिडकी ओढताना बघून म्हणाला, "सुरू झालं का तुझं?" मी म्हटलं, "झालं." एवढ्यावर आमचं बोलणं संपलं, कारण काय सुरू झालं ते दोघांनाही ठाऊक आहे. या दिवसांत मला तो एक हंगाम आठवत राहतो, ज्या हंगामात मी स्वतः ठेवलेल्या नावाचे खेळाचे कपडे बाजारात आणायला निघाले होते.

'कंटाळा' या शब्दाला हिंदीत शब्द नाही. 'बोर' म्हणजे कंटाळा नव्हे. 'थकान' असते ती अंगाची, आणि त्यांची 'ऊब' मी पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. जन्म दिल्लीत गेला माझा, बाहेरचं सगळं मी हिंदीत करते. भाजी घेते, भांडते, कारागिरांना दटावते. कंटाळा मात्र घरी येऊनच करावा लागतो. माझी मुलगी ईरा म्हणते, "आई, मला कंटाला आला." त्या 'ल'मुळे त्यातला सगळा जीव जातो. कंटाळ्याला ळ लागतोच. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि तिथून सैल सोडून द्यायची. एवढेसुद्धा कष्ट नको वाटतात तेव्हा जो येतो तो खरा कंटाळा. मला सध्या तसा आलेला आहे.

या ळच्याच नादी लागले होते मी.

नोएडाच्या एका जुन्या सेक्टरात, परदेशात कपडे पाठवणाऱ्या कारखान्यात मी नोकरीला होते. नमुने तपासून पास करणं हे माझं काम. पळायचे टी-शर्ट, योगाच्या पँटी, जिममधले बिनबाह्यांचे. शिवण टोचते का, रंग उतरतो का, बाही वर चढते का. सगळं आमच्याकडे शिवलं जायचं आणि शेवटी कॉलरच्या आत दुसऱ्याच कुणाचं तरी नाव लागायचं. ते बोटभर लेबल वाकडं लागलं तर अख्खा माल परत यायचा, म्हणून मी प्रत्येक लेबल बोटानं चाचपून बघायचे. वर्षानुवर्षं चाचपलं, आणि एके दिवशी मला त्याचा राग आला. त्या दिवशी विशेष काही झालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, आणि वाटलं, हे सगळं मला येतं, मग इथे माझं नाव का नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. नितीनला सांगितलं तर म्हणाला, "बघ बाई." त्याच्या भाषेत ही परवानगी असते.

नाव माझ्याकडे लहानपणापासून तयार होतं. पप्पा साताऱ्याकडचे, फौजेत होते, सुभेदार म्हणून रिटायर झाले. छावणीतल्या सगळ्या मराठी पोरांचे वडील पप्पाच असायचे, आई मात्र आईच. पलटणीच्या संघातून ते लांब पल्ल्याचं पळायचे. दिल्ली कँटच्या मैदानावर हिवाळ्यात सकाळी मी त्यांच्या मागे धावायचे. नाकातून वाफा निघायच्या, कान दुखायचे, आणि ते एकदाही मागे वळून बघायचे नाहीत. कौतुक करायची त्यांच्या घराण्यात पद्धत नाही. जेवण उत्तम झालं तर 'मीठ बरोबर हाय' म्हणतात. पण एकदा शाळेच्या शर्यतीत मी दुसरी आले तेव्हा आईला म्हणाले, "पोरगी चपळ हाय." हा शब्द त्यांनी त्याआधी फक्त गावाकडच्या एका शेळीसाठी वापरलेला मी ऐकला होता. त्या शेळीच्या पंगतीला बसून मला जेवढा आनंद झाला तेवढा पुढे कुठल्या बढतीनंही झाला नाही.

म्हणून नाव ठेवलं 'चपळ'. तेही देवनागरीत, पाठीवर, मोठ्या अक्षरांत.

"अगं, इथे ळ कोण वाचणार?" नितीन म्हणाला. "लोक चप्पल म्हणतील."

"म्हणू देत. शिकतील हळूहळू."

"दिल्ली शिकेल?"

"मोमो म्हणायला शिकली ना?"

त्यानं विषय सोडला. तेव्हा माझ्या अंगात इतकी रग होती की समोरचे लोक आपोआप गप्प बसायचे. ईराला मात्र मी हनुवटी धरून शिकवायला बसले. जीभ मागे घे, म्हटलं. ती म्हणाली, "चपड." ड नाही गं. "चपर." र पण नाही. "चपल." मग माझा हात झटकून म्हणाली, "आई, यार, एवढंसं तर अक्षर आहे. कुणाला कळतंय?" मी तिला म्हटलं, तुझ्या आजोबांना कळतं.

आई गेल्यापासून पप्पा आमच्याकडेच असतात. नमुना शिवून आला की ते तो अंगात घालून सेक्टरच्या पार्कात जायचे. सत्तरी उलटलेली, पळणं कधीच सुटलेलं, पण चालणं असं की पार्कातली रिटायर मंडळी पाऊलवाट सोडून बाजूला व्हायची. परत आले की दारातच ताठ उभं राहून रिपोर्ट. "काखंत घासतंय. बाकी ठीक." मी शिवण बदलून आणायचे. पुन्हा पार्क, पुन्हा दारात उभं राहणं. "काखंत घासतंय. बाकी ठीक." उन्हाळा असा गेला, पाऊस आला नि गेला, कापड बदललं, शिवणाऱ्यानं मला हात जोडले. मग सातवीण फुलली, आणि एका संध्याकाळी ते परत येऊन म्हणाले, "ठीक." काखेचं नावच नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. त्या संध्याकाळी मलाही तो वास सुंदर वाटला होता, खोटं कशाला बोलू.

आसपासच्या सोसायट्या मिळून नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळची दौड ठेवायच्या. त्यांच्या सेक्रेटरी साहेबांनी माझे शर्ट हातात घेऊन ताणून बघितले. "कपड़ा तो बढ़िया है. नाम का मीनिंग क्या है?" मी म्हटलं, फुर्तीला. "तो फुर्ती ही रख लेतीं," ते म्हणाले, पण चलो, ठीक है म्हणत त्यांनी सगळ्या धावणाऱ्यांचे शर्ट मला सांगितले. घरी येऊन पप्पांना सांगितलं. त्यांनी नमुन्याचा शर्ट उलटून पाठ बघितली. मग म्हणाले, "मी पण येतो. सगळ्यात मागनं चालत. मागनं पाठी दिसतील सगळ्यांच्या."

तेव्हापासून त्या हंगामात मला दुसरं काही सुचत नव्हतं. पंजाबी, बिहारी, बंगाली, जाट, सगळ्यांच्या पाठीवर पप्पांचा शब्द, आणि मागून पप्पा चालत येताहेत. माझं अख्खं दुकान मी त्या एका सकाळसाठी मांडलं होतं. धंदा असा करत नाहीत, हे मला आज कळतं.

छपाई भाटियाजींच्या कारखान्यात होती, स्क्रीन नावाच्या जाळीतून. पहिला नमुना मी स्वतः बघून आले. ळ कसा ठसठशीत उमटला होता, दोन्ही वेटोळी सारखी. दिवाळी झाली, खोकी घरी आली. पप्पांनी सुरीनं एक खोकं उघडलं, शर्ट झटकला, चष्मा लावला, आणि शांतपणे मला हाक मारली. "वैशे, हे काय लिहिलंय बघ गं."

पाठीवर लिहिलं होतं, चप्पल.

दुसरा काढला, तिसरा काढला. दुसरं खोकं फोडलं. अगदी तळाशी थोडेसे शर्ट 'चपळ' होते, बाकी सगळ्यांच्या पाठीवर चप्पल. भाटियाजींना फोन लावला तर त्यांचा आवाज शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाचा. "मैडम, बीच में स्क्रीन फट गई थी. नई बनवाने लगे तो कारीगर ने पकड़ लिया, स्पेलिंग गलत है. लास्ट वाला तो कोई अक्षर ही नहीं था, जलेबी बनी हुई थी. हमने ठीक करवा दिया. सोचिए, ऐसे ही चला जाता तो आपकी कितनी बेइज्जती होती." वर म्हणाले, याचे जास्त पैसे मी लावले नाहीत. मला त्यांना चार शब्द सुनावायचे होते, पण माणूस इतक्या आपुलकीनं बोलत होता की मी 'ठीक है' म्हणून फोन ठेवला. चांगल्या कामात कुणी बिब्बा घातला असं आपण म्हणतो, तेव्हा घालणारा निदान वाईट तरी असतो. यांनी तो प्रेमानं घातला होता.

मी कपाळाला हात लावून जमिनीवर बसले. पप्पा खोक्यावर बसले. शर्टाकडे बघत म्हणाले, "चप्पल तर चप्पल. पळायचं म्हणजे पायात काहीतरी पाहिजेच." मला हसू आलं, मग त्यांना आलं, आणि हसता हसता त्यांना खोकला लागला तो थांबेचना. त्या वर्षीचा तो पहिला खोकला. मी पाणी आणायला उठले तेव्हा खिडकीतून समोरचा टॉवर दिसत नव्हता.

दुष्काळात तेरावा महिना. पुन्हा छापायला वेळ नव्हता, आणि छापून उपयोगही नव्हता. सेक्रेटरी साहेबांचा फोन आला, हवा फार खराब आहे, सरकारी सूचना आली आहे, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी बाहेर पडू नये. दौड पुढे ढकलली. मग आणखी पुढे. मग दौडीचा विषयच निघेनासा झाला. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच फार वाईट वाटलं. पप्पांचा कडक इस्त्रीचा 'चपळ' खुर्चीच्या पाठीवर तयार होता. तो तिथे बरेच दिवस राहिला, कुणी हलवला नाही.

डॉक्टरांनी त्यांचं बाहेर जाणं बंद केलं. धूर असेपर्यंत पार्क नाही. ज्या माणसानं आयुष्यभर सकाळी मैदान बघितलं त्याला आता ट्यूबलाइटखालचा मजल्यावरचा पॅसेज, लिफ्टपासून जिन्यापर्यंत नि परत. अंगात मुद्दाम ते 'चप्पल' घालायचे, म्हणायचे, कापड चांगलंय, टाकायचं कशाला. मिसेस त्यागींनी एकदा विचारलं, "अंकलजी, चप्पल की ऐड कर रहे हैं?" पप्पा म्हणाले, "जी, फ्री में." आणि पुढे गेले. मला आतून त्यांची पावलं ऐकू यायची. लिफ्टपाशी थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा निघायची.

त्या हिवाळ्यात मी बरोबर छापलेले ते थोडे शर्ट पिशवीत घालून दुकानोदुकानी हिंडले. दक्षिण दिल्लीत मुनिरकाच्या एका गल्लीत, जिथे सगळ्या खोल्या भाड्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, तिथे एक दुकानदार शर्ट उलटा सुलटा करत होता. "चपठ? चपक? है क्या ये?" बादली घ्यायला आलेली एक मुलगी बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "चपळ."

मी वळून बघितलं. ती शर्टाकडेच बघत होती. "ताई, तुम्ही मराठी? मी परभणीची. किती दिवसांनी ळ बघतेय मी." आडनाव काळे, पण इथे आल्यापासून सगळे काले म्हणतात, आणि आता तीसुद्धा फोनवर नाव सांगताना काले सांगते, म्हणाली. "कोण सारखं सांगत बसणार, ना?" तिनं एक शर्ट घेतला आणि बादलीत ठेवला. मी तिला चहा पाजला. घरी येताना मेट्रोत मला फार बरं वाटलं, आणि नोएडा येईपर्यंत ते ओसरलं. एका काळे आडनावाच्या मुलीवर दुकान चालत नाही.

मग गुरुग्रामच्या एका दुकानवाल्यांनी सांगितलं, माल उत्तम आहे, नाव बदला, लगेच ठेवतो. मी बदललं. इंग्रजी, छोटंसं, अर्थ काही नसलेलं. त्यात कुणी चुकत नाही, कुणी मीनिंग विचारत नाही. पप्पांना सांगायला गेले तेव्हा ते बातम्या बघत होते.

"ळ काढला?"

"काढला."

"बरं केलंस. इथं त्याला कोण इचारतंय."

आणि पुन्हा बातम्या. त्यांनी रागवायला हवं होतं असं मला वाटत होतं. रागावले असते तर मी भांडले असते, आणि भांडून कदाचित नाव ठेवलंही असतं. त्यांनी माझी अशी सहज सुटका केली याचं मला आजही दुःख आहे.

'चप्पल' आम्ही वाटून टाकले. गेटवरचे गार्ड, माळी, झाडूवाल्या बायका. हिवाळ्यात ते स्वेटरच्या आत जातात, पण ऑक्टोबरात, सातवीण फुलते तेव्हा, स्वेटर अजून निघालेले नसतात. आज सकाळी गार्ड गेट उघडायला वळला तर पाठीवर चप्पल. अक्षरं तडकली आहेत, तरी वाचता येतात. छपाई चांगली होती भाटियाजींची.

धंदा चालतो, नाही असं नाही. बैठकीत सोफ्यापेक्षा खोकी जास्त आहेत. कुरियरवाले, परत आलेले माल, 'साइज छोटा है' म्हणून फोटो पाठवणारे लोक. आणि मी पुन्हा कॉलरच्या आत लागलेलं लेबल बोटानं चाचपते. ते नाव आता माझं आहे, कागदोपत्री तरी. बोटाला काही फरक कळत नाही. कधी कधी वाटतं, बंद करावं सगळं. बंद करायचाही कंटाळा येतो.

आज दुपारी खाली इस्त्रीवाल्याकडे कपडे द्यायला गेले. टॉवरच्या सावलीत टेबल मांडून तो कोळशाची इस्त्री फिरवत असतो. पप्पा आपले कपडे नेहमी स्वतःच देतात, स्वतःच आणतात, पण हल्ली त्यांना खाली येणं जमत नाही. त्यानं एक गठ्ठा पुढे केला. "मैडम, ये भी ले जाइए. सोए हुए आठ वाले आपके ही हैं."

"कौन से आठ?"

त्यानं वरच्या शर्टाची कॉलर उलटून दाखवली. माझ्या इंग्रजी लेबलच्या खाली, शिवणीलगत, काळ्या पेनानं काढलेला एक छोटा ळ. "अंकलजी के सब कपड़ों में है. मैं इसी से पहचानता हूँ. पूरे टावर का कपड़ा आता है, इनका कभी इधर-उधर नहीं हुआ." गठ्ठा तिथेच टेबलावर सोडून बघितला. पप्पांना घालून तपासायला दिलेले माझे नमुने होते सगळे. तपासून झाला की शर्ट त्यांचाच होतो, मी परत बघत नाही. प्रत्येकात ळ होता. जुन्यातला धुवून फिका झाला की त्यावर पुन्हा गिरवलेला.

वर आले तेव्हा पप्पा पॅसेजमध्ये होते, एक हात भिंतीला. मी कॉलर उलटून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी आधी श्वास जमवला.

"खूण हाय ती," म्हणाले. "फौजेत प्रत्येक कपड्याला करायची असती. नाहीतर धोब्याकडनं कपडा दुसऱ्याचा होतो."

"पण ळ कशाला? तुमचं नाव तर..."

"शर्ट तुझा हाय ना."

मी गठ्ठा छातीशी धरून उभी राहिले. ते माझ्याकडे न बघता पुढे बोलत होते, ईराचं पेन वाळत आलंय, आणि पेनाचं काही खरं नाही, दर महिन्याला गिरवावं लागतं. "गावाकडं परीट बिब्ब्यानं खूण करायचा. कपडा फाटला तरी ती जात नव्हती. बघ कुठं बिब्बा मिळतोय का."

दिल्लीत बिब्ब्याला काय म्हणतात, मला माहीत नाही. विचारते, मी म्हणाले. गठ्ठा दारात ठेवला, त्यांचा हात धरला, आणि आम्ही लिफ्टपर्यंत गेलो. तिथे ते थांबले. मीही थांबले. बंद खिडकीच्या फटीतून तो वास येतच होता. परत वळताना पप्पा म्हणाले, "नवा शर्ट काखंत घासतोय. बाकी ठीक."